दर महिन्याला ब्रेक ऑइल टाकावं लागतंय? मग ते जातंय कुठे?

पत्र थोडक्यात: ऐरोलीच्या एका ताईंचं पत्र आहे, वय ३६. ओळख कळेल असं सगळं काढून सांगते. त्यांचे आई-बाबा खारेगावात राहतात. बाबा ६८ वर्षांचे, रिटायर्ड. त्यांची २००७ ची पेट्रोल गाडी आहे, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत, २०२२ ला पासिंग परत करून घेतलंय. आठवड्यातून दोनदा बाबा ऐरोलीला येऊन नातवाला तबल्याच्या क्लासला ठाण्याला नेतात. गेल्या महिन्यात ताई स्वतः गाडी चालवत होत्या, विटाव्याला रेल्वे पुलाखालच्या उतारावर पुढची बस थांबली, यांनी ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली गेलं, दुसऱ्यांदा मारल्यावर लागला आणि बसपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पहिल्यांदा एकदा मारून घ्यायचं, मग मस्त लागतो, मला सवय आहे." बाबांचे मेकॅनिक अगदी गाडी घेतल्यापासूनचे. ते दर महिन्याला ब्रेक ऑइल टॉप-अप करून देतात आणि जुन्या गाडीचं एवढं चालायचंच म्हणतात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा वळणावर लुकलुकायचा, त्याची वायर त्यांनी काढून ठेवली. मागच्या डाव्या चाकाला आतून ओल दिसते, ती गाडी धुतल्याची आहे असं त्यांचं म्हणणं. ताईंचे मिस्टर म्हणतात विकून टाका. ताई बाबांना बोलून गेल्या की "गाडी म्हातारी झाली, आता बास करा," तेव्हापासून बाबा धड बोलत नाहीयेत. ताई विचारतात, बाबांना न दुखावता गाडी बंद कशी करायची, का सरळ किल्ली लपवून ठेवू?

---

ताई, बाकीचं वाचायच्या आधी एक फोन करा. बाबांना सांगा की ब्रेक उघडून बघितल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. विकायचं, बंद करायचं, म्हातारी झाली वगैरे काही बोलू नका, फक्त "उघडून बघेपर्यंत" एवढंच म्हणा. तबल्याचा क्लास बुडवायची गरज नाही, ऐरोलीहून ठाण्याला ट्रान्स हार्बर लोकल आहे, मध्ये फक्त दिघा गाव लागतं, आजोबा-नातू ट्रेनने जातील, पोराला मजाच वाटेल.

केला फोन? आता निवांत बोलू.

वागळे इस्टेटला आमचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, मी काउंटरवर अकरा वर्षं बसले. इंजिन ऑइल घेणारा माणूस सहा-आठ महिन्यांनी येतो, कूलंटवाला उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, पण ब्रेक ऑइलची छोटी बाटली घ्यायला काही जण दर महिन्याला यायचे. असे एक काका होते, शांत, सुट्टे पैसे मोजून द्यायचे, मी बाटली कागदात गुंडाळून द्यायचे. वर्षभर दिली असेन. एकदाही विचारलं नाही की काका, हे तुमच्या गाडीतून जातंय कुठे. मग एक दिवस त्यांचा मुलगा आला, हातात यादी, मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, लायनर, होज पाइप सगळं. तीन हात नाक्याला गाडी सिग्नलवर थांबलीच नाही, पुढच्या टेम्पोत घुसली, काकांचं उजवं मनगट मोडलं. त्यापलीकडे काही झालं नाही, पण मला ते मनगट अजून आठवतं, त्याच हाताने ते माझ्यासमोर पैसे मोजायचे. त्यानंतर मी महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, आणि तुमचं पत्र वाचताना पण त्या टॉप-अपवरच येऊन थांबले.

कारण ब्रेक ऑइल वापरून संपत नाही हो. ते काही जळत नाही, त्याचं काम एवढंच की पेडलवर पाय पडला की तो दाब पाइपातून चाकापर्यंत न्यायचा आणि पाय काढला की परत यायचं. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजतात तशी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीत त्याची लेव्हल अगदी हळूहळू खाली येते, त्याला महिनेच्या महिने जातात, आणि नवीन पॅड टाकले की परत वर येते. एवढंच काय ते नॉर्मल. दर महिन्याला टाकावं लागतंय म्हणजे दर महिन्याला कुठूनतरी बाहेर पडतंय, याला दुसरं उत्तर नाही.

आणि तो लाल दिवा. बऱ्याच गाड्यांमध्ये हँडब्रेकचा आणि ऑइल कमी झाल्याचा दिवा एकच असतो. टाकीत ऑइलवर तरंगणारा एक फ्लोट असतो, लेव्हल काठावर आली की वळणावर ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट खाली बसतो, दिवा लागतो, गाडी सरळ झाली की विझतो. म्हणजे तो दिवा अगदी खरं सांगत होता आणि त्याचीच वायर काढली. मेकॅनिकदादांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, बाबांना त्या दिव्याचा त्रास होत होता म्हणून त्यांनी काढली असणार, पण हे चुकलं आहे आणि चुकलं असंच म्हणायला पाहिजे. दुरुस्ती कुठेही करा, ती वायर पहिली परत जोडून घ्या.

आता बाबांचं म्हणणं. "पहिल्यांदा मारून घ्यायचं मग लागतो." ते खोटं बोलत नाहीयेत, खरंच लागतो, म्हणूनच तर माणूस फसतो. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण १६-१७ मीटर जाते. पहिलं पेडल फुकट गेलं, पाय उचलला, परत मारला, यात अर्धा सेकंद धरा, तेवढ्यात ८ मीटर गेले, म्हणजे तुमच्या गाडीच्या दोन लांब्या. विटाव्याला बहुतेक तुमचा स्पीड कमी होता म्हणून हातभर जागा उरली. तेच पुढे ठाणे-बेलापूर रोडच्या मोकळ्या पट्ट्यात असतं तर?

मग इतकं असून लागतो तरी कसा, तर पेडल दाबल्यावर जिथे ऑइलला दाब मिळतो त्या मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळे कप्पे असतात आणि दोन वेगळ्या लाइनी निघतात, छोट्या गाड्यांत बहुतेक तिरक्या, पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर आणि पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर. एक लाइन गेली तरी दुसरीवर गाडी थांबावी म्हणून ही सोय आहे, पण तेव्हा पेडल खूप खोल जातं आणि थांबायला जागा कितीतरी जास्त लागते. ती सोय घरापर्यंत सुखरूप यायला ठेवलेली असते, बाबा बहुतेक कित्येक महिने त्याच्याच जिवावर गाडी चालवतायत.

हँडब्रेक आहे ना, असं कोणी म्हणेल. तुमच्या गाडीत हँडब्रेक केबलने मागच्याच ड्रममधले शू ओढतो, ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा गोल डबा आणि शू म्हणजे त्याला आतून घासून थांबवणाऱ्या पट्ट्या. मागच्या डाव्या चाकात ऑइल गळत असेल तर तेच शू ऑइलने भिजलेत, मग तिथे हँडब्रेकही धरणार नाही.

आता तुम्हालाही थोडं विचारते, रागावू नका. गाडी म्हातारी झाली असं तुम्ही म्हणता, मिस्टरही तेच म्हणतात आणि मेकॅनिक पण वेगळ्या शब्दांत तेच म्हणतायत. तिघांचं निदान एकच आहे आणि मला ते पटत नाही. पत्रा, इंजिन, गिअरबॉक्स सतरा-अठरा वर्षं आरामात चालतात, बिघडतं ते रबर. व्हील सिलिंडर म्हणजे ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणारी तुमच्या अंगठ्याएवढी छोटी वस्तू, मागच्या प्रत्येक ड्रममध्ये एक, तिच्या दोन्ही टोकांना रबराचं टोपण असतं. मी दुकानाच्या मागे मेकॅनिकला कितीदा बघितलंय, तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते टोपण जरासं उचलतो, आतून तांबूस काळं पाणी टपकन बोटावर येतं आणि तो काही न बोलता सिलिंडर बाजूला ठेवतो. आतली सील फाटलेली असते किंवा आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडलेले असतात. ड्रमच्या आत ब्रेकची धूळ आणि ऑइल मिळून काजळासारखा चिकट थर झालेला असतो. छोट्या गाडीचा व्हील सिलिंडर काही शे रुपयांत येतो हो ताई, आणि त्याच्यापायी तुमच्या घरात अबोला झालाय.

गंज का लागतो तेही सांगते, त्यावरून बाकीची दुरुस्ती कळेल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, बाटली सील नसेल तर बाटलीतच ओढतं. आपल्याकडे एका बाजूला खाडी, चार महिने पाऊस, हवेत ओल कायमच. ते पाणी सिलिंडरच्या आतल्या लोखंडाला गंजवतं आणि शिवाय ऑइल कमी तापमानाला उकळायला लागतं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे, त्यात डॉट ३ चं नवीन ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यालेलं १४० ला उकळू शकतं, डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, पेडल स्पंजसारखं खाली जातं. गायमुखचा घाट किंवा मुंब्रा बायपासचा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, तिथे दुसरा-तिसरा गिअर टाकून उतरायचं. आणि वरून नुसतं टॉप-अप केलं तरी चाकापाशी तेच जुनं काळं ऑइल राहतं. दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं असतं, पण बदलणारे फार थोडे बघितले मी.

आता उघडायच्या आधी घरी काय बघता येईल. हे बाबांनाच करायला सांगा, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. तुमच्या बोलण्यापेक्षा स्वतःच्या पायाला जे जाणवेल ते त्यांना लवकर पटेल. गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून विटा. ते पेडल खाली जातंच आहे, म्हणून गाडी अजिबात हलवायची नाही.

पहिलं, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारायचं आणि शेवटच्या वेळी दाबून धरायचं, मग इंजिन चालू. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर तुमच्या पायाचा जोर वाढवणारा डबा, ठीक. अजिबात हललं नाही आणि दगडासारखं कडक राहिलं तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप गेलाय, पण तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

दुसरं, इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या जोराने दाबून धरायचं, तुम्ही फोनवर ३० सेकंद लावा. पाय हळूहळू खाली सरकत गेला तर कुठेतरी गळतंय, किंवा मास्टर सिलिंडरच्या आतली सील गेलीये आणि ऑइल आतल्या आतच मागे येतंय. हे दुसरं फसवं असतं, बाहेर एक थेंब दिसत नाही आणि लेव्हलही कमी होत नाही. पेडल खोलवर जाऊन थांबत असेल पण पंप केल्यावर वर येऊन कडक होत असेल तर लाइनीत हवा आहे किंवा मागचे शू झिजून ड्रमपासून लांब गेलेत. तुमच्या गाडीत हवाही असणार असं मला वाटतं, कारण लेव्हल वारंवार खाली जाऊ दिलीये.

तिसरं, ओल. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायर आणि ड्रमच्या पाठच्या पत्र्यावर कोरडा टिश्यू पेपर लावून बघा. पाणी असेल तर तासाभरात वाळून जाईल, ब्रेक ऑइल वाळत नाही, बोटाला बुळबुळीत लागतं आणि त्याला एक वेगळाच वास असतो. हात साबणाने धुवा, डोळ्याला लावू नका. मग बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरच्या खाली बघा, तिथला रंग फुगून पापुद्रे निघत असतील तर ऑइल तिथूनही झिरपतंय, ब्रेक ऑइल रंग खाऊन टाकतं. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी लेव्हल कमी होतेय असं कोणा वाचकाच्या गाडीत असेल तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून ऑइल बूस्टरमध्ये जात असतं, तिथून इंजिनात ओढलं गेलं की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मी स्वतः अशी गाडी बघितलीये, त्या बिचाऱ्यांनी धुरासाठी इंजिनचं काम करून घेतलं होतं.

हे बघून झालं की टाकीवर आत्ताच्या लेव्हलला मार्करने बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. ज्यांच्या ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी आजच मारा.

दुरुस्ती कुठे करायची? कंपनीचं सर्व्हिस सेंटर, दुसरं गॅरेज, का तेच मेकॅनिकदादा? मी म्हणेन पहिल्यांदा त्यांनाच सांगा, पण या वेळी टॉप-अप म्हणून सांगायचं नाही. "दादा, चारही चाकं उघडायची आहेत, माझ्यासमोर, मजुरी पूर्ण घ्या" असं सांगा. अठरा वर्षांत त्यांना कोणी पूर्ण मजुरी देऊन चार चाकं उघडायला सांगितलंच नसेल, लोक "काका जरा बघून घ्या" म्हणतात आणि मेकॅनिकही पन्नास रुपयांत जेवढं बघता येईल तेवढं बघतो. ते घरी येऊन बाबांच्या पार्किंगमध्ये करू शकत असतील तर उत्तमच, नाहीतर गाडी उचलून न्यायची, ओढत नाही, फ्लॅटबेडवर. तुमच्या इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स आहे का बघा, बऱ्याच पॉलिसीत असतो आणि लोकांना माहीतच नसतं. त्यांनी "कशाला उघडता" म्हणून टाळलं तर मात्र दुसरीकडे जा, तिथे भिडस्तपणा नको. माणूस चांगला आहे हे वेगळं आणि ब्रेक उघडला की नाही हे वेगळं, बाबांनाही हे असंच सांगता येईल, त्यांच्या मित्राचा अपमान न करता.

उघडल्यावर काय काय करून घ्यायचं. मागचे व्हील सिलिंडर दोन्ही बदला, गळणारा एकच असला तरी, दुसराही त्याच वयाचा आहे. फक्त किट म्हणजे रबरं बदलून देतो म्हणतील, आत खड्डे असतील तर किट फार टिकत नाही, आणि व्हील सिलिंडरच्या बाबतीत पूर्ण नवीन घेण्यातच शहाणपण आहे. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, ऑइलने भिजले असतील तर ते गेले असंच समजा. पेट्रोलने पुसून, पॉलिश पेपर मारून परत लावतात, नको म्हणा, आत मुरलेलं ऑइल गरम झाल्यावर परत वर येतं. दोन्ही बाजूंचे नवीन टाका. चाकापाशी जे रबरी होज येतात ते वाकवून बघायला सांगा, भेगा दिसल्या तर बदला. मागच्या ॲक्सलजवळची लोखंडी पाइप पण चिखल खरवडून बघा, गंज तिथेच लपलेला असतो. पुढचे पॅड आणि ते दाबणारे कॅलिपर मोकळे सरकतायत का तेही त्याच हाताने होऊन जाईल. ड्रममधली धूळ हवा मारून उडवू देऊ नका, जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढायची.

मग ऑइल. टाकीच्या झाकणावर डॉट ३ का डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच, सीलबंद बाटलीतलं, तुमच्यासमोर फोडलेलं. गॅरेजमध्ये फळीवर पडलेली अर्धी बाटली नको. डॉट ५ नाव सारखं वाटतं पण ते सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाहीत. आणि चुकूनही कोणी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टाकलं तर सगळ्या लाइनीतली रबरं फुगतात, मग सगळंच बदलावं लागतं.

हवा काढताना एक जण पेडलवर, एक जण चाकामागच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून. दाब, धरून ठेव, निपल उघडला, बुडबुडे आले, निपल बंद, मग सोड. नळीतून आधी चहासारखं काळं येतं, मग फिकट पिवळं यायला लागलं की ते चाक झालं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते कारण यात चांगले चांगले फसतात. जुन्या मास्टर सिलिंडरवर हवा काढताना पेडल पार तळाला मारायचं नाही. रोजच्या वापरात सील जिथपर्यंत जाते त्याच्या पुढचा भाग गंजलेला असतो, पेडल तळाला गेलं की सील त्या गंजावरून घासते आणि फाटते, मग माणूस म्हणतो काम करून आणलं आणि दोन दिवसांत पेडल परत बसलं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा, एवढं केलं की झालं. तुमच्या गाडीचं पेडल तर कित्येक महिने खोल जातंय, त्यामुळे ३० सेकंदाच्या टेस्टला ते सरकलं असेल तर मास्टर सिलिंडर पण नवीनच टाका, तो हजारांत जातो, पण इथे चालढकल करू नका.

विकायचं का, हा मिस्टरांचा मुद्दा. पासिंग २०२७ पर्यंत आहे, तेव्हा परत आरटीओत फिटनेस दाखवावाच लागेल, तोपर्यंत ठरवायला वेळ आहे. बाबा म्हणत असतील की आरटीओने पास केलीये, तर ते त्या दिवसापुरतं होतं, सील त्यानंतरही फाटू शकते. दुरुस्तीच्या वेळी गाडी वर घेतलीच आहे तर खालचा पत्रा, सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग बघून घ्या, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर आत गेला तर मग मीही म्हणेन पैसे घालू नका. तसं नसेल तर एवढ्या कामावर गाडी नीट चालेल. आणि विकायचीच ठरली तरी ब्रेक करूनच विका, आज ती जशी आहे तशी कुणा अनोळखी माणसाच्या हातात देऊ नका, त्याच्याही घरी कोणीतरी असणार.

किल्ली लपवू नका. बाबांना कळणारच, आणि मग विषय ब्रेकचा राहणार नाही. ६८ वर्षांच्या माणसासमोर लेक "म्हातारी झाली, आता बास" म्हणाली तर त्याला ते फक्त गाडीबद्दल ऐकू येत नाही. नातवाला क्लासला नेणं हे त्यांचं आठवड्यातलं काम आहे, ते काम जाणार असं त्यांना वाटलं असेल. माझ्या मते तुम्ही त्या एका वाक्याची माफी मागून टाकावी, साधी, फोनवर नको, समोर बसून, आणि ब्रेकचं मात्र एक इंचही सोडू नये. "बाबा, मी तुमच्याबद्दल नव्हते बोलत. पण पेडल खाली गेलं तेव्हा मी गाडीत होते, आणि मंगळवारी तिथे बाळ असतो." वार तुमचा घाला. उघडताना त्यांनाच समोर उभं करा, खर्च तुम्ही करणार असाल तरी निर्णय त्यांच्या तोंडून होऊ द्या.

अजून एक, हे सहसा कोणी सांगत नाही. ब्रेक नीट झाल्यावर बाबांचा पाय जुन्या सवयीने दोनदा मारणार, आणि आता पहिल्याच दाबाला गाडी कचकन थांबेल, मागून येणारा धडकायचा. म्हणून पहिल्या दिवशी रविवारी सकाळी लवकर, ऐरोलीच्या सेक्टरमधल्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावर, २० च्या स्पीडला दहा-पंधरा वेळा थांबायचं, मग ४० ला. नातवाला तेव्हा घरी ठेवा. पाय बदलायला थोडे दिवस जातील, ते वयामुळे होतंय असं कृपा करून म्हणू नका, माझाही पाय गाडी बदलली की आठवडाभर चुकतो.

बाकीच्या वाचकांसाठी भरभर. कोणाचं चालत्या गाडीत पेडल गेलं तर भराभर पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, हॉर्न आणि पार्किंग लाइट चालू, इंजिन बंद करू नका, बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातं. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, विटाव्यासारख्या ठिकाणी पावसात हे होतंच, तर बाहेर पडल्यावर कमी स्पीडला ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर चालवा म्हणजे ड्रम कोरडे होतात. सोसायटीत महिनोन्महिने उभी असणारी गाडी हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात शू ड्रमला चिकटतात, सपाट जागा असेल तर गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा एकच चाक दुसऱ्यांपेक्षा खूप गरम होत असेल तर कॅलिपर अडकलाय किंवा होज आतून बुजलाय, ते पण उघडूनच कळतं.

ताई, काम झाल्यावर नवीन लेव्हलला टाकीवर परत रेघ मारा, आठवड्याने ती बघा, मग महिन्याने. लेव्हल रेघेवरच असली पाहिजे. आणि ड्रम उघडला की मेकॅनिकदादा लगेच पुसायला घेतील, त्यांना दोन मिनिटं थांबवा, धुवायच्या आधी आतला एक फोटो काढा आणि मला पाठवा, बाबांनाही तोच दाखवा.